नव्या बॅरलचा थ्रोट आणि तांब्याचा थर

रायफलचे बॅरल पोलादाच्या भरीव गजात आरपार छिद्र पाडून तयार होते आणि त्या छिद्राच्या आतल्या भिंतीवर मळसूत्रासारख्या वळत जाणाऱ्या खाचा असतात. गोळीला स्वतःभोवती फिरवून तिचा मार्ग स्थिर राखणाऱ्या या खाचांना ‘रायफलिंग’ म्हणतात. हत्याराचे सूक्ष्म ओरखडे आत राहतातच, म्हणून उत्तम प्रतीच्या बॅरलमध्ये ‘लॅपिंग’ केले जाते, म्हणजे छिद्रातच शिशाचा दट्ट्या ओतून, त्याला घासणारी पूड लावून तो हाताने मागेपुढे ओढला जातो, आणि त्यानंतर उरणारे बारीक ओरखडे गोळीच्या वाटेला समांतर पडतात. मात्र काडतूस जिथे बसते तो ‘चेंबर’ आणि त्याच्या लगेच पुढचा, गोळी रायफलिंगमध्ये शिरते तो निमुळता भाग, म्हणजे ‘थ्रोट’, हे दोन्ही सहसा लॅपिंगनंतर रीमर या गोल फिरणाऱ्या हत्याराने कापले जातात, आणि त्याचे ओरखडे गोळीच्या वाटेला आडवे येतात. नवे बॅरल रुळवण्याचा, नेमबाजांच्या भाषेत ‘ब्रेक-इन’चा, सारा खटाटोप खरे तर या इवल्याशा पट्टीसाठी आहे.

बहुतेक लष्करी आणि शिकारी गोळ्यांचा गाभा शिशाचा असतो आणि त्यावर ‘गिल्डिंग मेटल’चे, म्हणजे सुमारे ५ ते १० टक्के जस्त मिसळलेल्या तांब्याचे, कवच असते. थ्रोटमधील आडवे ओरखडे कानशीप्रमाणे हे कवच खरवडतात. निघालेले तांबे जळत्या दारूच्या प्रखर उष्णतेत वायूंबरोबर पुढे वाहते आणि भिंतीवर चिकटते. प्रत्येक गोळीगणिक थ्रोट थोडा गुळगुळीत होत जातो, पण ओरखड्यांवरच तांबे साचले तर पुढची गोळी पोलादाऐवजी तांब्यावरूनच सरकते आणि घासण्याचे काम थांबते, असा या पद्धतीमागचा तर्क आहे. म्हणून सुरुवातीला एक गोळी झाडून बॅरल पूर्ण स्वच्छ करावे, असे काही वेळा केल्यावर तीन-तीन किंवा पाच-पाच गोळ्यांनंतर स्वच्छता करावी, असा प्रघात पडला.

तर्क पटण्याजोगा असला, तरी त्यावर एकमत नाही. अमेरिकेतील नामांकित बॅरल-निर्माते गेल मॅकमिलन यांनी या प्रथेला उघड विरोध केला होता, कारण झाडलेली प्रत्येक गोळी बॅरलच्या मर्यादित आयुष्यातून वजा होते आणि ते आयुष्य आधी संपते ते थ्रोटमध्येच. दोन्ही पक्षांमधला मार्ग ठरावीक आकड्यात नाही, तर स्वच्छतेच्या चिंधीवर सापडतो. अमोनियायुक्त द्रावणात तांबे विरघळले की चिंधीवर निळा रंग उतरतो. हा रंग झपाट्याने फिका होऊ लागला की ब्रेक-इन संपले असे समजावे, मग गोळ्या पाच झालेल्या असोत वा वीस. (स्वच्छतेच्या गजाचे पितळी टोकही त्या द्रावणात निळा रंग सोडते, त्यामुळे निकेलचा मुलामा दिलेले किंवा प्लास्टिकचे टोक वापरले नाही, तर स्वच्छ बॅरलही मळकट ठरते.) आतून क्रोमचा कठीण लेप असलेल्या लष्करी बॅरलना मात्र या विधीचा फारसा उपयोग नाही.

बॅरलच्या आतल्या मळाशी माणसाचा झगडा तांब्याच्याही आधीचा आहे. काळ्या दारूची काजळी साचून नेम बिघडू नये म्हणून विल्यम मेटफर्ड यांनी उथळ, गोलसर कडांचे रायफलिंग रचले आणि १८८८ मध्ये ब्रिटिश लष्कराने ते ली-मेटफर्ड रायफलमध्ये स्वीकारले. पण कॉर्डाइट ही नवी धूरविरहित दारू इतकी उष्ण जळे की तो गोलावा लवकर झिजे, आणि १८९५ मध्ये खोल, धारदार कडांचे एन्फील्ड रायफलिंग आणावे लागले. गोळीचे कवच त्या काळी तांबे आणि निकेल यांच्या मिश्रधातूचे असे, त्याची ढेकळे बॅरलमध्ये घट्ट बसत आणि ती सोडवायला तीव्र अमोनियाचे मिश्रण आत ओतून ठेवावे लागे. यावर उपाय म्हणून अमेरिकेत १९२१ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी गोळ्यांना कथिलाचा मुलामा दिला गेला. मळ कमी झाला, परंतु नेमबाज सवयीने गोळीला ग्रीसही लावत आणि त्या जोडीने चेंबरमधला दाब धोकादायक वाढू लागला. गिल्डिंग मेटलचे कवच रूढ झाले ते या फसलेल्या प्रयोगानंतर.

एन्फील्ड रायफलिंगच्या जुन्या ली-एन्फील्ड रायफली वापरणाऱ्या सैनिकांची आणखी एका शत्रूशी गाठ होती. काडतुसातील दारू पेटवणाऱ्या प्रायमरमधील पोटॅशियम क्लोरेट जळून मागे पोटॅशियम क्लोराइड हे हवेतली ओल शोषणारे मीठ उरे, ते तेलात विरघळत नसे, म्हणून गोळीबारानंतर बॅरलमध्ये उकळते पाणी ओतून मगच वजनदार टोकाची दोरी, म्हणजे ‘पुल-थ्रू’, आणि तिला बांधलेली चिंधी ओढली जाई. एनसीसीच्या छात्रांना ही दोन्ही साधने आजही परिचित आहेत.

गजाने स्वच्छता करताना रायफल रिकामी आहे याची खात्री केल्यावर गज शक्यतो चेंबरच्या बाजूने आणि मार्गदर्शक नळीतूनच घालावा लागतो, कारण बॅरलच्या तोंडाची कड, म्हणजे ‘क्राउन’, गजाच्या घर्षणाने एका बाजूला झिजली तर बाहेर पडणाऱ्या गोळीमागचा वायू असमान निसटतो आणि तिला तिरके ढकलतो. तीव्र अमोनिया दीर्घकाळ आत ठेवणेही पोलादाला अपायकारक ठरू शकते. चुकीच्या स्वच्छतेने बिघडलेली बॅरले पाहता, ब्रेक-इन टाळल्याने होणारे नुकसान त्यामानाने क्षुल्लक म्हणावे लागते.

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेतेपद मिळवले आणि त्याच जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकले, ते पॉइंट टू-टू रायफलने. आणि तिथे सारा हिशेबच बदलतो. या गोळीला तांब्याचे कवच नसते, उघड्या शिशावर मेणाचा किंवा ग्रीसचा हात असतो, आणि त्याचा पातळ थर बॅरलमध्ये बसलेला असणेच इष्ट असते. द्रावणाने तो पुसून टाकला की पहिल्या काही गोळ्या जागा सोडतात. लक्ष ठेवायचे ते चेंबरच्या लगेच पुढे साचणाऱ्या काजळीच्या कडक कड्यावर. तेव्हा पॉइंट टू-टूच्या नव्या बॅरलसाठी ब्रेक-इनचे वेळापत्रक मागणाऱ्या शिकाऊ नेमबाजाला ते न देणेच योग्य होय.