कार्लाइलचा संघ

पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल गावी लष्कराच्या जुन्या बराकींत 1879 साली एक शाळा निघाली. अमेरिकेतल्या मूलनिवासी जमातींची मुलं दूरदूरच्या प्रदेशांतून आगगाडीनं तिथे आणली जात. आल्याबरोबर केस कापले जात, लष्करी गणवेश अंगावर चढे, नाव बदललं जाई आणि मातृभाषा बोलायला बंदी होई. मुलांमधला ‘इंडियन’ पुसून टाकायचा, हा संस्थापक कॅप्टन रिचर्ड प्रॅट यांचा उघड हेतू होता. अर्धा दिवस वर्ग, उरलेला अर्धा सुतारकी, शिवणकाम, लोहारकाम. शाळेच्या दफनभूमीत घरी न परतलेल्या दीडशेहून अधिक मुलांच्या कबरी होत्या.

याच शाळेच्या फुटबॉल संघानं विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत हार्वर्ड, शिकागो, पेनसिल्व्हेनिया अशा मातब्बर विद्यापीठांना धूळ चारली. हा अमेरिकन फुटबॉल. लांबट चेंडू पोटाशी धरून मुसंडी मारायची आणि प्रतिपक्षानं धावणाऱ्याला आडवं पाडायचं. त्या काळी तो निव्वळ रेटारेटीचा खेळ होता, आणि कार्लाइलची पोरं बहुतेक प्रतिस्पर्ध्यांपेक्षा अंगानं किरकोळ होती.

1899 मध्ये ग्लेन ‘पॉप’ वॉर्नर प्रशिक्षक म्हणून आले. इतर ठिकाणी चालायची तशी शिवीगाळ त्यांनी सरावात सुरू केली, तेव्हा काही चांगल्या खेळाडूंनी मैदानावर येणंच बंद केलं. असं ऐकून घेण्याची आम्हांला सवय नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. वॉर्नर यांना जीभ आवरावी लागली. या मुलांना एखादी चाल एकदा नीट दाखवली की ती पटकन आत्मसात होते, हेही त्यांच्या लक्षात आलं. मग सराव म्हणजे नवनव्या चालींची प्रयोगशाळाच झाली. गुडघे वाकवून, हात जमिनीला टेकवून धावपटूसारखी सुरुवात करण्याची पद्धत त्यांनी घोटून घेतली आणि त्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठाला 45–0 असं हरवलं.

1903 मधली हार्वर्डविरुद्धची चाल तर शिवणयंत्रावर तयार झाली. शाळेच्या शिंप्यानं जर्सीच्या खालच्या काठात इलॅस्टिक घातलं. सामन्यात हार्वर्डचा चेंडू उंच आला, तो कार्लाइलच्या क्वार्टरबॅकनं, म्हणजे चालीची सूत्रं हलवणाऱ्या खेळाडूनं, झेलला, भोवती सगळ्यांनी कडं केलं आणि क्षणार्धात चेंडू सहखेळाडू चार्ली डिलनच्या पाठीवर जर्सीत सरकवला. कडं फुटलं, पोरं दाही दिशांना पळाली. हार्वर्डचे गडी चेंडू शोधत राहिले आणि डिलन रिकामे हात हलवत थेट गोलरेषेपार गेला. सामना कार्लाइलनं 12–11 असा गमावला, पण चर्चा झाली ती डिलनची.

1905 च्या हंगामात फुटबॉलनं अठरा-एकोणीस तरुणांचा बळी घेतला, तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीही त्यात लक्ष घातलं. पुढच्या वर्षी नियम बदलले आणि चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली. चुकलेल्या पासला दंड जबर होता, म्हणून मोठी विद्यापीठं बिचकत होती. कार्लाइलनं मात्र त्यावर मेहनत घेतली. फ्रँक माउंट प्लेझंट आणि पीट हाउझर यांनी चेंडूला फिरकी देऊन तो लांबवर, नेमका फेकण्याचं तंत्र बसवलं. 1907 मध्ये पेनसिल्व्हेनियावर 26–6 असा विजय मिळाला. शिकागोविरुद्ध अल्बर्ट एक्झेंडाइन सीमारेषेबाहेर गेला, शिकागोच्या बाकामागून धावत पुन्हा आत आला आणि हाउझरचा पास झेलून त्यानं टचडाउन केला, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेला. तेव्हा नियमात त्याला मनाई नव्हती.

पुढे सॅक अँड फॉक्स जमातीचा जिम थॉर्प चमकला. 1911 मध्ये पायाला पट्ट्या बांधून तो हार्वर्डविरुद्ध उतरला, लाथेनं चेंडू गोलखांबांमधून धाडून चार फील्ड गोल मारले आणि कार्लाइल 18–15 असं जिंकलं. 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्यानं पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉनची सुवर्णपदकं मिळवली. त्याच वर्षी कार्लाइलनं वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीच्या संघाचा 27–6 असा पराभव केला. त्या संघात पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले आयझेनहॉवर होते.

या यशाला काळी बाजू होती. फुटबॉलपटूंना वेगळी खोली आणि चांगलंचुंगलं जेवण मिळे, बाकीच्या मुलांच्या ताटात मात्र निकृष्ट अन्न पडे. तिकिटांचा पैसा कुठे जातो, हे विद्यार्थ्यांना कळत नसे. शेवटी खेळाडूंनीच आवाज उठवला. क्वार्टरबॅक गस वेल्शनं पुढाकार घेऊन तक्रारअर्जावर सह्या गोळा केल्या आणि 1914 मध्ये अमेरिकन संसदेची चौकशी समिती शाळेत आली. शाळेचे प्रमुख गेले, वॉर्नरही पिट्सबर्गला गेले. 1918 मध्ये शाळा बंद झाली.

खेळाच्या इतिहासात या चालींना वॉर्नरचं नाव मिळालं. त्यांचं श्रेय आहेच. पण कागदावरची चाल मैदानावर उतरते ती समजून घेणाऱ्या, घोटणाऱ्या आणि सुधारणाऱ्या खेळाडूंमुळे. एक्झेंडाइन आणि वेल्श हे दोघेही पुढे कायदा शिकले आणि विद्यापीठांच्या संघांचे प्रशिक्षक झाले. ज्यांना ‘सुधारायला’ म्हणून आणलं होतं, त्यांच्याकडून अमेरिकेनं आपलाच खेळ शिकून घेतला. तो इतिहास सांगताना माउंट प्लेझंट, हाउझर, एक्झेंडाइन आणि वेल्श ही नावं वॉर्नरच्या बरोबरीनं घेतली पाहिजेत.