दोन घरे, एक मूल

विवाह मोडला की नातेवाईक आणि शेजारीपाजारी पहिला प्रश्न विचारतात तो ‘चूक कोणाची?’ हा. वास्तविक त्या वेळी विचारावयास हवेत ते प्रश्न दोनच: मुलांचे काय, आणि घरादाराचे काय? हे दोन्ही प्रश्न एकमेकांत मिसळले, की भांडीकुंडी आणि दागदागिने यांच्याबरोबर मूलही वाटणीतला एक जिन्नस होऊन बसते. कायदा या दोन गोष्टींचे हिशेब वेगवेगळ्या वह्यांत मांडतो. सुज्ञ आईबापांनीही ते वेगळेच ठेवावेत, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम मुलांविषयी. आपल्या देशात विवाहाचे कायदे धर्मपरत्वे निरनिराळे असले, तरी १८९० चा पालक व पाल्य अधिनियम सर्वधर्मीयांना लागू आहे. हिंदूंसाठी १९५६ चा अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम आहे. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ असावे, असे तो सांगतो. परंतु सर्वांत मोठा निकष म्हणून तो मुलाच्या कल्याणाचीच स्थापना करतो. मूल ही आईची वा बापाची मालमत्ता नव्हे, हा विचार सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच स्पष्ट शब्दांत मांडला. पुढे १९९९ मध्ये, वडील हयात असतानाही योग्य परिस्थितीत आई नैसर्गिक पालक ठरू शकते, असा निर्वाळा त्याच न्यायालयाने दिला. ताब्याचा आदेश कायमचा कोरलेला नसतो, हेही लक्षात ठेवावे. मूल वाढते, परिस्थिती पालटते, आणि त्यानुसार आदेशही बदलून मागता येतो.

‘ताबा’ या एका शब्दाने मात्र मुलाचा दिवस उजाडत नाही. समजा, आई इंदुरात नोकरीला आहे आणि वडील नागपुरात राहतात. अशा वेळी ‘वडिलांना भेटीचा हक्क राहील’ एवढेच लिहून ठेवणे म्हणजे नव्या भांडणाचे बी पेरणे होय. भेट महिन्यातील कोणत्या शनिवारी-रविवारी? दिवाळी यंदा कोणाकडे आणि पुढील वर्षी कोणाकडे? मे महिन्याची सुटी कशी विभागावयाची? मुलाला गाडीतून कोण आणणार, तिकिटाचा खर्च कोणाचा? शाळेच्या प्रगतिपुस्तकाची प्रत दोघांनाही मिळणार की नाही? आजारपणात निर्णय कोणी घ्यावयाचा? आजी-आजोबांची भेट कधी? हे सारे तपशिलाने कागदावर उतरवावे. अंतर फार असेल, तर दूरध्वनीवरून आणि चित्रफोनवरून नियमित बोलणे व्हावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सुचविले आहे. मुलाला दोन्ही पालकांच्या मायेचा हक्क आहे, ही त्यामागील दृष्टी होय.

आता दुसरी वही. पुष्कळ भगिनींची अशी समजूत असते, की घटस्फोट झाला की पतीच्या मालमत्तेतील अर्धा वाटा आपोआप मिळतो. देशाच्या बहुतेक भागात तसे नाही. घर ज्याच्या नावावर, सामान्यतः ते त्याचेच. गोव्यात मात्र स्थिती वेगळी आहे. तेथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालत आली असून, विवाहापूर्वी निराळा करार केलेला नसेल तर पतिपत्नीची संपत्ती सामाईक समजली जाते आणि दोघांचा वाटा निम्मा-निम्मा धरला जातो.

अन्यत्र पत्नीच्या हाती काय असते? पहिले म्हणजे स्त्रीधन. माहेरहून वा सासरकडून तिला मिळालेले दागिने व भेटवस्तू सर्वस्वी तिच्या मालकीच्या असतात. सासरच्यांकडे त्या केवळ ठेव म्हणून असतात, असे १९८५ च्या निकालाने निःसंदिग्धपणे सांगितले आहे. दुसरे म्हणजे पोटगी. तिच्या दाव्यात उभयतांनी आपली मिळकत, मालमत्ता व कर्जे प्रतिज्ञापत्रावर उघड करावीत, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये घालून दिला. तिसरे म्हणजे दोघांच्या नावावर घेतलेले घर. येथे एक सावधगिरी हवी. ‘कर्जाचे हप्ते यापुढे पतीने फेडावेत’ असे आपसांत ठरले, तरी ते बँकेवर बंधनकारक नसते. कर्जखात्यातून नाव प्रत्यक्ष कमी होईपर्यंत पत्नीची जबाबदारी सुटत नाही. विमा व बँकखात्यांवरील वारसनोंदीही त्याच वेळी तपासून घ्याव्यात.

खरा अनर्थ या दोन वह्यांची पाने एकमेकांत शिवल्याने होतो. पैसे थकले म्हणून भेट बंद, आणि भेट बंद म्हणून पैसे बंद! कित्येकदा ‘घरावरचा हक्क सोड, मग मुलाला ने’ असा सौदाही मांडला जातो. यात हरते ते मूल. आईने स्वतःची पोटगी सोडून दिली, तरी मुलाच्या पोषणाचा हक्क त्यामुळे बुडत नाही, कारण तो हक्क मुलाचा आहे. थकलेल्या रकमेसाठी न्यायालयात दाद मागावी आणि अडविलेल्या भेटीसाठीही तेथेच जावे. एकाचे उट्टे दुसऱ्याने काढू नये.

अशी दाद मागणे पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. १९८४ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या कौटुंबिक न्यायालयांत निवाड्यापूर्वी तडजोडीचा प्रयत्न करणे हे न्यायाधीशांचे कर्तव्य आहे, आणि त्यासाठी समुपदेशकांचे साह्य मिळते. स्त्रियांना व बालकांना, त्यांचे उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळू शकतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्याची चौकशी करावी.

वाचकहो, आपल्या आप्तेष्टांत असा प्रसंग ओढवला, तर न्यायनिवाडा करण्याची घाई आपण करू नये. त्याऐवजी त्या आईबापांना एकच विनंती करावी: पैशाचे निरोप मुलाच्या तोंडून पाठवू नका. ‘बाबांना सांग, फी भरायची राहिली आहे’ हे वाक्य उच्चारावयास सोपे असते, पण ते वाहून नेणाऱ्या आठ वर्षांच्या जिवाला त्याचा भार फार होतो. घरे दोन झाली, तरी दोन्ही उंबऱ्यांवर त्याला निर्धास्तपणे पाऊल टाकता यावे.