काम सोपवा, पण अधिकारासह!

शाळा असो, बँक असो की कारखाना, एकट्या माणसाने सगळी कामं होत नाहीत. म्हणून प्रमुख आपली काही कामं हाताखालच्या माणसांना देतो. व्यवस्थापनशास्त्रात याला 'अधिकार प्रदान' म्हणतात. पण बऱ्याचदा होतं काय, तर काम तेवढं सोपवलं जातं आणि अधिकार साहेबांच्याच खिशात राहतो!

अधिकार प्रदानाचे तीन भाग आहेत :

१) काम : नक्की काय, केव्हापर्यंत आणि किती खर्चात करायचं, हे स्पष्ट सांगणे.
२) अधिकार : त्या कामापुरते निर्णय घेण्याची मोकळीक देणे.
३) उत्तरदायित्व : झालेल्या कामाचा हिशेब वरिष्ठांना देणे.

फ्रेंच खाण अभियंता हेन्री फेयॉल यांनी 1916 मध्ये व्यवस्थापनाची 14 तत्त्वे मांडली. त्यांत अधिकार आणि जबाबदारी बरोबरीने चालली पाहिजे, हे एक तत्त्व आहे. आता स्नेहसंमेलनाचंच बघा. सगळी जबाबदारी एका बाईंवर टाकली, पण मंडपवाला ठरवायचा तरी मुख्याध्यापकांना विचारायचं आणि पाच फुलांचे हार आणायचे तरी त्यांचीच सही घ्यायची. मग बाई काय शिकणार? पुढच्या वर्षी त्या आपणहून पुढे येणार नाहीत. अशाने संस्थेत हुकूम पाळणारी माणसं वाढतात, जबाबदारी घेणारी घडत नाहीत.

याचा अर्थ काम देऊन हात झटकायचे, असा नाही. काम खाली सोपवता येतं, अंतिम जबाबदारी सोपवता येत नाही. ऑगस्ट 1979 मध्ये एसएलव्ही-3 चे पहिले उड्डाण फसले. प्रकल्पाची धुरा डॉ. कलाम यांच्याकडे होती, तरी पत्रकारांसमोर उभे राहिले ते इस्रोचे प्रमुख सतीश धवन. जुलै 1980 मध्ये यश आले, तेव्हा मात्र त्यांनी कलामांना पुढे केले. हा प्रसंग कलाम पुढे आवर्जून सांगत.

काम सोपवताना एवढं पाळा : माणसाचा वकूब बघून काम द्या, खर्चाची मर्यादा आधीच ठरवा, मध्ये एक-दोनदा आढावा घ्या, पण रोज डोकावू नका.

पालकांनो, घरीही हेच. मुलाला भाजी आणायला पाठवलंत, तर कोणती आणायची हे त्यालाच ठरवू द्या. एखादी जून भेंडी येईल घरात, पण निवडायला तो तिथेच शिकेल.