दात लांब दिसतोय? काढण्याआधी हिरडी दाखवा

जानेवारीत हिवरा आश्रमला विवेकानंद जन्मोत्सवाची गर्दी लोटते. पंगतीत पुरी आणि वांग्याची भाजी येते. त्या थंडीत गार पाण्याचा घोट घेताच ज्यांचा हात गालावर जातो, त्यांच्यासाठी हा लेख.

दाताला कीड नसते, तरी तो शिवशिवतो. आरशात शेजारच्या दातापेक्षा लांब दिसतो. खरं तर दात वाढलेला नसतो. हिरडी मागे सरकून त्याचं मूळ उघडं पडलेलं असतं. मुळावर दाताच्या वरच्या भागासारखं टणक कवच नसतं, म्हणून गार-गरम झोंबतं. बरेच लोक अशा वेळी "दात गेला" म्हणून तो काढूनच घेतात. घाई करू नका.

कारणं शोधायला लांब जायला नको. मशेरी, राख, विटेची भुकटी, ताठ केसांचा ब्रश जोर लावून आडवा घासणं. खर्रा ज्या गालात दाबून ठेवता, तिथलीच हिरडी आधी दात सोडते. गुटख्यावर राज्यात २०१२ मध्ये बंदी आली, टपरीला ते अजून कळलेलं दिसत नाही! मशेरीने दात घट्ट होतात हा तर निव्वळ गैरसमज. बरं वाटतं ते तंबाखूच्या तलफेमुळे. दातावर साचलेलं कीटण आणि वाढलेली साखर हीसुद्धा कारणं आहेत.

सरकलेली हिरडी कुठल्याही मंजनाने परत चढत नाही. मूळ झाकायचं तर छोटी शस्त्रक्रिया लागते. तीही बहुधा फक्त तेवढी जागा बधिर करून होते. आधी कीटण काढतात आणि ब्रश कसा धरायचा ते शिकवतात. मग हिरडी जाड असेल तर तीच सैल करून मुळावर ओढतात आणि टाके घालतात. शेजारच्या दाताजवळ भरपूर हिरडी असेल तर ती बाजूने सरकवून आणतात. ही पद्धत १९५६ पासूनची आहे. हिरडी पातळ असेल तर टाळूच्या कातडीखालचा पातळ थर काढून मुळावर ठेवतात आणि वरून हिरडी ओढून शिवतात. अनेक डॉक्टरांचा भरवसा या पद्धतीवर जास्त आहे. टाळूची जखम काही दिवस दुखते, मग भरून येते.

एक गोष्ट आधीच विचारा: मूळ पूर्ण झाकेल का? दोन दातांमधली हिरडी आणि हाड शाबूत असेल तर आशा चांगली. तिथलंच हाड झिजलं असेल तर थोडंच झाकतं. डॉक्टर एक्स-रे काढून सांगतील.

साधारण दोन आठवडे त्या जागी ब्रश नको. डॉक्टरांनी दिलेल्या औषधाने गुळण्या करायच्या. भाकरी दुधात कुस्करून खायची, तिखट आणि कडक नको. तंबाखू तर अजिबात नाही, त्याने रक्तपुरवठा कमी होऊन लावलेला तुकडा मरू शकतो. साखर, रक्तदाबाच्या गोळ्या किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा. मनानेच बंद करू नका.

पहिली तपासणी बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या दाताच्या डॉक्टरांकडे करून घ्या. पुढे पाठवलं तर छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. केसपेपर काढताना "हिरड्यांचा विभाग" विचारा. खर्च आणि किती फेऱ्या लागतील तेही तिथेच विचारून घ्या, म्हणजे मजुरीचे दिवस मोजता येतील.