भिंत न दुखवता नेटची वायर

वाचकहो, नेटची पेटी पुढच्या खोलीत आणि लेकरांचा अभ्यास मागच्या खोलीत, अशी तऱ्हा आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असेल. पुढच्या खोलीत मोबाइल कसा सुरळीत चालतो! मागे गेले की शिकवणारे मास्तर अर्ध्या शब्दावर थांबतात, चित्र गोठते आणि पोरगी वही घेऊन पुन्हा उंबऱ्याशी येऊन बसते. बारावीच्या वर्षी हे परवडणारे नाही.

किल्लारीला आमच्या नात्यातल्या एका घरी असेच झाले. तेव्हा वायरमनचे काम शिकलेला एक तरुण ड्रिल मशीन घेऊन आला आणि त्याने दाराच्या वरच खूण केली. घरातली म्हातारी लगबगीने उठून आडवी झाली. "लेकरा, भिंत कशाला फोडायलास?" तो म्हणाला, "आजी, बोटाएवढं भोक पाडायचंय." आजी म्हणाली, "बोटाएवढं असू दे, न्हाईतर सुईएवढं. तिथं न्हाई पाडायचं."

त्या तरुणाला हसू आले. तुम्ही मात्र हसू नका. आजीचे बरोबर होते, आणि ते का बरोबर होते हे समजून घेतल्याशिवाय या भागातल्या कोणत्याही घरात नेटचा पॉइंट बसवू नये.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गाव निजले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हलली आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात हजारो माणसे झोपेतच गेली. माणसे मेली ती बहुतांशी भिंतींखाली आणि माळवदांखाली. जुन्या घरांच्या भिंती दीड-दोन हात रुंद, दगड-मातीच्या. बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, मध्ये बारीक दगड आणि माती भरलेली. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. धक्का बसताच थर सुटे झाले आणि वरचे माळवदाचे ओझे खाली आले.

पुढे जागतिक बँकेच्या मदतीने राज्य सरकारचा पुनर्वसनाचा कार्यक्रम झाला. ५२ गावे नव्या जागी वसली, त्यांत किल्लारीही आली. ज्या गावांतली घरे उभी होती, तिथे ती दुरुस्त व मजबूत करून घेण्यासाठी मदत मिळाली. दोन्हीकडे एक गोष्ट गवंड्यांना बजावून शिकवली गेली, ती म्हणजे घराला पट्टा बांधायचा. दारे-खिडक्यांच्या वरून घराभोवती सळया घातलेल्या काँक्रीटचा अखंड पट्टा फिरवायचा. पिंपाला लोखंडी पट्टी असते ना, तसाच हा घराचा करगोटा. चारी भिंती त्याने एकमेकींना धरून राहतात. म्हणून आजीने दाराच्या वर हात लावू दिला नाही. बोटाएवढ्या भोकाने घर पडेल असे नव्हे. पण भोक पाडताना सळई लागते, मग ती कापली जाते, उघड्या जागेतून ओल शिरते, सळई गंजते आणि काँक्रीट फुगून तडकते. शिवाय आज नेटवाला, उद्या डिशवाला, परवा आणखी कोणी. सगळ्यांना दाराच्या वरचीच जागा सोयीची वाटते.

तेव्हा भोक पाडण्याआधी आपले घर कसे बांधले आहे ते घरातल्या जाणत्या माणसाला विचारा. पट्टा, घराचे कोपरे आणि दारा-खिडक्यांच्या कडा सोडून द्या. कित्येक घरांत कोपऱ्यांत उभ्या सळया असतात. दगड-मातीच्या भिंतीत छन्नी-हातोडा तर मुळीच चालवू नका. ठोक्यांनी सांधे हलतात. माझे मत विचाराल तर सर्वांत चांगली वाट लाकडी चौकटीतून. खिडकीच्या लाकडात १० ते १२ मिलिमीटरचे भोक पडते आणि भिंतीला धक्काही लागत नाही. वायर बाहेरून न्यायची असेल तर भोकाला बाहेरच्या बाजूला थोडा उतार द्या आणि वायरला भोकाच्या खाली झोळ सोडा, म्हणजे पावसाचे पाणी वायरीवरून ओघळून खाली पडते, घरात येत नाही. वीटकामाच्या किंवा ब्लॉकच्या आतल्या भिंतीत पट्ट्याच्या खाली भोक पाडायला हरकत नाही. मात्र मेन स्विच बंद करूनच, आणि खटक्यांच्या बोर्डाच्या सरळ वर किंवा खाली नको. दिव्याची वायर तिथूनच गेलेली असते.

आता कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? बिनवायरीचे नेट आहेच की. आहे, पण त्याच्या लहरी जाड दगडी भिंतीत विरतात, आणि मध्ये पत्र्याची भिंत आली तर जवळजवळ परतच फिरतात. वायरीला भिंतीचे वावडे नाही. तांब्याची ही वायर १०० मीटरपर्यंत बिनघोर काम करते, एवढे लांब घर आपल्याकडे वाड्यांचेही नव्हते.

वायर घेताना 'कॅट सिक्स' मागा आणि ती निखळ तांब्याची आहे का ते पाहा. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायरही मिळते, ती स्वस्त असते. चाकूने तार खरवडा. आत पांढरे दिसले तर परत करा. अशी तार लवकर तुटते.

वायरीत आठ बारीक तारा असतात, दोन-दोन पीळ घातलेल्या चार जोड्या. हा पीळ उगीच घातलेला नाही, शेजारच्या तारेची गडबड त्यानेच अडते. म्हणून टोकाशी अर्ध्या इंचापेक्षा जास्त पीळ उकलू नका. पॉइंटच्या खाचांवर रंग दाखवलेले असतात, 'ए' आणि 'बी' अशा दोन रीतींचे. दोन्ही टोकांना एकच रीत धरा. आपल्याकडे 'बी' धरतात. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हा क्रम एका टोकाला चुकला की सगळी मेहनत पाण्यात. टेस्टरचे आठ दिवे ओळीने लागले की काम झाले. ते पाहिल्याशिवाय कारागिराला पैसे देऊ नका.

आणि हो, वायर आधी ओवायची, टोक नंतर बसवायचे. आमच्याकडे उलटे झाले होते. टोक बसवलेली वायर आणली, भोक लहान पडले आणि टोक कापून टाकावे लागले!

विजेची आणि नेटची वायर एका पाइपातून कधीही नेऊ नका. शेजारून न्यावी लागली तर वीतभर अंतर ठेवा, ओलांडावी लागली तर काटकोनात ओलांडा. घरात धान्याची पोती असतील तर उंदीर आलेच. तेव्हा वायर प्लॅस्टिकच्या पाइपात किंवा पट्टीत घाला आणि पाइपाची तोंडे बुजवा.

घरापासून गोठ्यापर्यंत कॅमेऱ्यासाठी वायर न्यायची अनेकांची इच्छा असते. तिथे तांब्याची वायर उघड्यावरून नेऊ नका, असे मी कळकळीने सांगेन. मराठवाड्यात वळवाच्या पावसात विजा किती पडतात हे तुम्हाला सांगायला नको. जवळ वीज पडली तरी तिचा झटका लांब तांब्याच्या वायरीतून घरात येतो. गोठ्याकडे काचेच्या धाग्याची वायर न्यावी, आत लोखंडी तार नसलेली. काचेतून वीज वाहत नाही. दोन्ही टोकांना तिचे रूपांतर करणारी छोटी पेटी लागते, एवढाच काय तो जादा खर्च.

किल्लारीच्या त्या घरात शेवटी वायर मधल्या खिडकीच्या चौकटीतून गेली. आजी सबंध वेळ खाट टाकून समोर बसल्या होत्या. काम झाल्यावर त्यांनी नातीला वहीचा कागद आणायला लावला. त्यावर घराचा आराखडा, पट्टा कुठे आहे, वायर कुठून गेली आणि भोक कुठे पाडले हे सगळे काढून घेतले, तारीख घातली आणि तो कागद घराच्या कागदपत्रांच्या पिशवीत ठेवून दिला. पुढच्या वेळी ड्रिल घेऊन जो कोणी येईल त्याला आधी तो दाखवायचा, असे सुनेला सांगून ठेवले आहे.