रजा शिल्लक किती? विद्यापीठातल्या रजेविषयीचे आठ गैरसमज

निवृत्तीला तीन महिने उरलेले एक प्राध्यापक आस्थापना विभागात माझ्या टेबलासमोर येऊन बसले. चहा घेता घेता सहज म्हणाले, "माझे तीनशे दिवस भरलेच असतील ना? शिकवण्यात कधी खंड पडू दिला नाही." मी सेवापुस्तकातलं रजा खात्याचं पान उघडलं. शिल्लक अर्जित रजा होती ८७ दिवस. सरांनी चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचला. तो ८७च होता.

त्या टेबलावर बरीच वर्षं काढल्यावर एक गोष्ट पक्की कळली. बँकेचं पासबुक दर महिन्याला भरून घेणारी माणसं रजेचं खातं मात्र निवृत्तीच्या वर्षी पहिल्यांदा पाहतात. तोवर रजेविषयीची सगळी माहिती स्टाफरूममधल्या गप्पांतून आलेली असते. त्यातल्या आठ ठळक समजुती नियमांशी ताडून बघू.

गैरसमज १ : यूजीसीनं सांगितलं, म्हणजे सगळ्यांना लागू.

वस्तुस्थिती : विद्यापीठाच्या एकाच आवारात रजेच्या दोन-तीन वह्या चालू असतात. शिक्षकांसाठी यूजीसीचे १८ जुलै २०१८ चे विनियम आहेत. महाराष्ट्रात राज्य शासनाचा सातव्या वेतन आयोगाचा निर्णय ८ मार्च २०१९ रोजी निघाला. त्याखेरीज महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ खालचे परिनियम आहेत. शिक्षकेतरांसाठी १९८४ ची प्रमाण संहिता आहे, आणि बऱ्याच बाबतींत बोट महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ कडे जातं. वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयासारखं केंद्रीय विद्यापीठ असेल, तर हिशेब आणखी वेगळा.

बालसंगोपन रजेत हा फरक डोळ्यांत भरतो. केंद्राच्या नियमांत संपूर्ण सेवेत ७३० दिवस मिळतात. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये ही रजा आणली ती १८० दिवसांची. दिल्लीतली मैत्रीण दोन वर्षं म्हणते आणि इथली बाई सहा महिने म्हणते, तेव्हा दोघीही खरंच बोलत असतात. म्हणून कोणत्याही परिपत्रकात आधी हे बघावं की ते कुणासाठी आहे आणि आपल्या संस्थेनं ते स्वीकारलं आहे का.

गैरसमज २ : खात्यावर आहे, म्हणजे मिळालीच पाहिजे.

वस्तुस्थिती : राज्याच्या १९८१ च्या नियमांतला दहावा नियम स्पष्ट आहे. रजा हक्क म्हणून मागता येत नाही. कामाची निकड असेल तर मंजुरी देणारा अधिकारी ती नाकारू शकतो, दिलेली परतही बोलावू शकतो. परीक्षेच्या हंगामात परीक्षा विभागातल्या कर्मचाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

याचा अर्थ साहेबाची मर्जी हाच नियम, असा मात्र नाही. केंद्राच्या १९७२ च्या रजा नियमांतला सातवा नियम सांगतो, की अधिकारी रजा नाकारू शकतो, पण तुम्ही मागितलेली आणि खात्यावर असलेली रजा तुमच्या लेखी विनंतीशिवाय दुसऱ्या प्रकारात बदलू शकत नाही. अर्जित रजा मागितली आणि आदेशात परस्पर बिनपगारी लिहून आली, तर विचारायला जागा आहे.

आणखी एक : अर्ज आवक विभागात टाकणं म्हणजे रजा मंजूर होणं नव्हे. आदेश निघेपर्यंत ती फक्त विनंती असते. अर्ज टेबलावर ठेवून थेट गावाला गेलेल्यांची गैरहजेरी नंतर विनापरवानगी ठरते आणि पगारातून कापली जाते.

गैरसमज ३ : मधला रविवारही किरकोळ रजेत धरतात.

वस्तुस्थिती : ही भीती खासगी कंपन्यांतून आलेली आहे. किरकोळ रजा, म्हणजे सी.एल., वर्षाला ८ दिवस असते. यूजीसीच्या विनियमांत ती शैक्षणिक वर्षाला मोजली जाते आणि मध्ये येणारे रविवार व सुट्ट्या तिच्यातून वगळल्या जातात. शनिवार आणि सोमवारी सी.एल. टाकली, तर खर्च दोनच दिवस.

तेच शनिवार ते सोमवार अर्जित रजेवर गेलात, तर खात्यातून तीन दिवस जातात, कारण त्या रजेच्या पोटात आलेली सुट्टीही रजाच धरली जाते. रजेच्या आधीची किंवा नंतरची सुट्टी मात्र परवानगीने जोडून घेता येते आणि ती मोजत नाहीत. म्हणून अर्जात "दि. अमुक ते अमुक, मागील व पुढील सुट्ट्या जोडून" ही ओळ लिहायला विसरू नये.

सी.एल. दुसऱ्या रजेला चिकटवता येत नाही; अपवाद विशेष किरकोळ रजेचा. उरलेली सी.एल. पुढच्या वर्षात जात नाही. त्यामुळेच वर्ष संपत आलं की हजेरीपटावर सी.एल.ची झुंबड उडते.

गैरसमज ४ : प्राध्यापकांना वर्षभर सुट्ट्याच सुट्ट्या.

वस्तुस्थिती : यूजीसीच्या वेळापत्रकात वर्षाला किमान ३० आठवडे, म्हणजे १८० दिवस, प्रत्यक्ष शिकवण्याचे आहेत. दीर्घ सुटी विद्यापीठात ८ आठवडे, तर महाविद्यालयात १०. उरलेले आठवडे प्रवेश, परीक्षा आणि इतर सुट्ट्यांमध्ये जातात.

या दीर्घ सुटीची किंमत शिक्षक अर्जित रजेतून मोजतो. शिक्षकेतर कर्मचाऱ्याच्या खात्यावर १ जानेवारी आणि १ जुलैला १५-१५ असे वर्षाला ३० दिवस जमा होतात. यूजीसीच्या सूत्रानुसार शिक्षकाला प्रत्यक्ष सेवेचा तिसावा हिस्सा मिळतो, म्हणजे वर्षाला साधारण १२ दिवस. दीर्घ सुटीत कामावर बोलावलं, तर त्या दिवसांचा एक तृतीयांश भाग जादा. मे महिन्यात १८ दिवस प्रवेश समितीवर बसलेल्या शिक्षकाच्या खात्यावर ६ दिवस वाढतात. पण त्यासाठी "आपणांस दीर्घ सुटीत उपस्थित राहण्याचे आदेश देण्यात येत आहेत" असं लेखी पत्र लागतं. प्राचार्यांनी फोनवर सांगितलेलं सेवापुस्तकात चढत नाही.

गैरसमज ५ : मेडिकल रजा वेगळी असते, तिचा हिशेब नसतो.

वस्तुस्थिती : आपण बोलताना जिला "मेडिकल" म्हणतो, ती नियमांत बहुतेक वेळा परिवर्तित रजा असते. दर पूर्ण वर्षाला २० दिवसांची अर्धवेतनी रजा जमा होते. वैद्यकीय प्रमाणपत्रावर ती पूर्ण पगारी करून घेता येते, पण खात्यातून दुप्पट दिवस जातात. टायफॉइडने १० दिवस घरी राहिलात, तर अर्धवेतनीच्या खात्यातून २० दिवस वजा, म्हणजे एका वर्षाची सगळी कमाई. यूजीसीच्या विनियमांत अशी परिवर्तित रजा संपूर्ण सेवेत २४० दिवसांपेक्षा जास्त मिळत नाही.

खातं रिकामं असताना मोठं आजारपण आलं, तर अनर्जित रजा हा मार्ग आहे. पुढे जमा होणारी अर्धवेतनी रजा आधीच उचलायची, उसनवारीसारखी. तीही नसेल तर असाधारण रजा, म्हणजे बिनपगारी. ऐन तिशीत दोन दिवसांच्या सर्दीला मेडिकल टाकणाऱ्यांनी पन्नाशीतल्या गुडघ्यांचा विचार करून ठेवावा.

गैरसमज ६ : अध्ययन रजा आणि सबॅटिकल म्हणजे पगारी परदेशवारी.

वस्तुस्थिती : दोन्ही रजा पगारी आहेत, आणि दोन्हींना दोऱ्या बांधलेल्या आहेत. यूजीसीनुसार अध्ययन रजा सामान्यतः तीन वर्षांच्या सलग सेवेनंतर मिळते. आधी दोन वर्षं, गरज पडल्यास आणखी एक. परत आल्यावर किमान तीन वर्षं त्याच विद्यापीठात सेवा करण्याचा बंधपत्राचा कागद लिहून द्यावा लागतो. तो मोडला तर पैसे परत.

सबॅटिकल सहयोगी प्राध्यापक किंवा प्राध्यापक म्हणून सात वर्षं पूर्ण केलेल्यांसाठी आहे. एका वेळी एक वर्ष, संपूर्ण सेवेत दोन. त्या काळात दुसऱ्या संस्थेत नियमित नोकरी धरता येत नाही. परिषद, व्याख्यान अशा शैक्षणिक कामांसाठी वर्षाला ३० दिवसांपर्यंतची कर्तव्य रजा वेगळी आहे. चार दिवसांच्या चर्चासत्रासाठी सी.एल. जाळणारे शिक्षक अजूनही भेटतात.

गैरसमज ७ : प्रसूती रजा रजेच्या खात्यातून जाते आणि कंत्राटी बाईला ती नसतेच.

वस्तुस्थिती : नियमित सेवेतल्या महिलेला पूर्ण पगारी १८० दिवस मिळतात आणि ते कुठल्याही रजा खात्यातून वजा होत नाहीत. तिला जोडून दुसरी देय रजाही घेता येते. बाळाच्या बापाला यूजीसीच्या विनियमांत १५ दिवसांची पितृत्व रजा आहे, दोन अपत्यांपुरती. घरी बसून काय करणार, असं स्वतःच म्हणून ती न मागणारे पुष्कळ.

कंत्राटी महिलांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच दिल्ली महापालिकेच्या प्रकरणात हजेरीपटावरच्या रोजंदार महिलांना मातृत्व लाभ कायद्याचं संरक्षण दिलं. २०२३ मध्ये डॉ. कविता यादव यांच्या खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेलं : कंत्राटाची मुदत संपली म्हणून प्रसूतीचे लाभ मध्येच तोडता येणार नाहीत. हा लाभ २०१७ च्या दुरुस्तीने १२ वरून २६ आठवड्यांवर नेला होता.

तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांची गोष्ट मात्र कटू आहे. त्यांना तासाचे पैसे मिळतात. ताप आला की तास गेला, आणि तासाबरोबर त्या दिवसाची कमाईही. वर मोजलेल्या रजांपैकी बहुतेक त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीत. शेजारच्या वर्गात तेच पुस्तक शिकवणारे दोघे जण, एकाच्या नावावर रजेची चार खाती आणि दुसऱ्याच्या नावावर एकही नाही, हे चित्र अनेक महाविद्यालयांत रोज दिसतं.

गैरसमज ८ : निवृत्तीला तीनशे दिवसांचे पैसे मिळतात, तेही करमुक्त.

वस्तुस्थिती : ३०० ही साठवणुकीची कमाल मर्यादा आहे, भेट नव्हे. रोखीकरण होतं ते खात्यावर उरलेल्या अर्जित रजेचं. मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, भागिले ३०, गुणिले शिल्लक दिवस. समजा मूळ वेतन ६०,००० आणि भत्ता ३०,००० रुपये. एका दिवसाचे झाले ३,०००. शिल्लक ३०० असेल तर ९ लाख, ८७ असेल तर २ लाख ६१ हजार. कमाल मर्यादेच्या वरचे दिवस साठत नाहीत. टाकी काठोकाठ भरली असताना रजा न घेणारा कर्मचारी नवी जमा वाया घालवत असतो.

कराबाबत केंद्र आणि राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना निवृत्तीच्या वेळी पूर्ण सूट आहे. विद्यापीठ ही कायद्याने स्थापन झालेली वेगळी संस्था असल्यामुळे तिथला कर्मचारी आपोआप सरकारी कर्मचारी धरला जात नाही. बिगरसरकारी कर्मचाऱ्यांची सूट बरीच वर्षं ३ लाखांवर अडकली होती. १ एप्रिल २०२३ पासून ती कमाल २५ लाख झाली, त्यातही इतर अटी आहेत. निवृत्तीआधी करसल्लागाराला सेवापुस्तकाची प्रत दाखवलेली बरी.

त्या दिवशी सर बराच वेळ त्या पानाकडे बघत होते. मुलीचं लग्न, वडिलांचं ऑपरेशन, कोकणातल्या घराचं काम : एकेक नोंद त्यांनी बोटानं ओळखली. मग म्हणाले, "पण मी दर मे महिन्यात प्रवेशाच्या कामाला येत होतो की!"

"आदेश आहेत का, सर?"

दुसऱ्या दिवशी ते एक जुनी फाईल घेऊन आले. तीस वर्षांतल्या मे महिन्यांचे मिळून दोन आदेश निघाले, एक २१ दिवसांचा, दुसरा १५ दिवसांचा. एकूण ३६, त्याचा एक तृतीयांश १२. कागद तपासून, सही होऊन शिल्लक ८७ ची ९९ झाली. बाकीचे मे महिने प्राचार्यांच्या फोनवरच संपले होते.

जाताना सर स्टाफरूममध्ये डोकावले. तिथे नुकतीच रुजू झालेली एक तरुण प्राध्यापिका प्रवेशाच्या याद्या करत बसली होती. मे महिन्याचा दुसरा आठवडा होता. सर तिला एवढंच म्हणाले, "मॅडम, पत्र घेतलंत का?"