ग्लुकोमीटरच्या पट्टीचा पूर्वज
ग्लुकोमीटरच्या पट्टीचा पूर्वज कोणता, माहितीये? १९६२ साली अमेरिकेत लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी मांडलेला एन्झाइम इलेक्ट्रोड! ऑक्सिजन मोजणारा इलेक्ट्रोड क्लार्क यांनी आधीच बनवला होता. त्यावर ग्लुकोज ऑक्सिडेझ या एन्झाइमचा पातळ थर बसवायचा. हे एन्झाइम रक्तातल्या असंख्य रेणूंमधून नेमकं ग्लुकोज पकडतं आणि त्याच्यावर प्रक्रिया करताना ऑक्सिजन वापरतं. ऑक्सिजन जितका घटला, तितकी साखर जास्त. किती सुंदर कल्पना आहे ही!

एन्झाइमऐवजी जिवंत सूक्ष्मजीव बसवले, की तोच इलेक्ट्रोड सांडपाण्यातलं सेंद्रिय प्रदूषण सांगतो. त्यासाठीच्या प्रचलित बीओडी (जैविक ऑक्सिजन मागणी) चाचणीला काही दिवस लागतात. इथे अंदाज मिनिटांत मिळतो. संशोधकांची खरी झुंज मात्र अशा इलेक्ट्रोडच्या टिकाऊपणाशी आहे. एन्झाइम उष्णतेने निकामी होतं, सूक्ष्मजीव विषारी पाण्यात मरतात.